वडगावात त्या दिवशी पाऊस किती पडला?

फोनवर हवामानाची एखादी परदेशी साइट उघडा, 'पेठ वडगाव' टाका आणि मागची कुठलीही तारीख निवडा. तुमच्या जन्माची, आजोबांच्या लग्नाची, काहीही. क्षणात उत्तर येतं. कमाल तापमान इतकं, किमान इतकं, वारा नैर्ऋत्येकडून, पाऊस इतके मिलिमीटर. दशांशचिन्हाच्या पुढचा आकडासुद्धा असतो. काही ठिकाणी तर थेट १९४० पर्यंत मागे जाता येतं. तेव्हा वडगाव कोल्हापूर संस्थानात होतं आणि राजाराम महाराजांच्या कारकिर्दीचं ते शेवटचं वर्ष होतं.

आता एक साधा प्रश्न. १९४० च्या त्या दिवशी वडगावात तासातासाला तापमापी आणि पर्जन्यमापक बघत कोण उभं होतं?

कुणीच नाही. हा आकडा मोजलेला नाही, मागाहून काढलेला आहे. युरोपातल्या देशांनी मिळून चालवलेलं हवामान अंदाजाचं एक मोठं केंद्र आहे. त्याने 'ईआरए५' नावाचं काम केलं. जहाजांनी टिपलेल्या नोंदी, वेधशाळांची वाचनं, आकाशात सोडलेले फुगे, पुढच्या काळात उपग्रह, असं जगभरातून जे काही हाती होतं ते सगळं संगणकात घातलं आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक चौकोनात त्या तासाला हवा कशी असेल ते गणिताने पुन्हा मांडलं. चौकोनाची एक बाजू साधारण ३१ किलोमीटरची. जुनं हवामान दाखवणाऱ्या कितीतरी साइट हीच किंवा अशीच माहिती वापरतात आणि तिच्यावर तुमच्या गावाचं नाव चिकटवतात.

हे काम थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. तापमानाच्या बाबतीत त्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं, कारण वडगावात ३८ अंश असेल तर हातकणंगल्यात काही २८ नसतं. पाऊस मात्र तसा वागत नाही. वडगाव मध्यभागी धरून ३१ किलोमीटरचा चौकोन काढला तर त्यात एका बाजूला कोडोली येते, दुसऱ्या बाजूला हातकणंगले, खाली कोल्हापूरची वेस आणि वर वारणा ओलांडून सांगली जिल्ह्यातली गावं. एवढ्या सगळ्याला मिळून एक आकडा. जूनमधल्या वळवाच्या पावसात ओढ्याच्या अलीकडचं शिवार भिजतं आणि पलीकडचं कोरडं राहतं, हे शेतात उभ्या राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

सर्वांत ढळढळीत उदाहरण मुंबईचं. २६ जुलै २००५ च्या त्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर नोंदवले. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेत पडले ७३. दोन्ही मुंबईतच. दोन्ही मोजलेले, दोन्ही खरे. त्या दिवशी सांताक्रूझला यंत्र नसतं आणि फक्त कुलाब्याचं असतं, तर कागदोपत्री २६ जुलै हा जरा जास्त पावसाचा एक दिवस ठरला असता.

म्हणूनच एखाद्या गावाच्या हवामानाचा इतिहास शोधायला निघालं की लवकरच लक्षात येतं, आपण पावसाचा इतिहास वाचतच नाही आहोत. तो कुणी, कशासाठी आणि कुठे लिहून ठेवला, हे वाचतोय. पेठ वडगाव यासाठी चांगलं गाव आहे. ते वेधशाळेचं गाव नाही, घाटमाथ्यावरचं नाही, पुरात बुडणारं म्हणूनही प्रसिद्ध नाही. उत्तरेला वारणा, दक्षिणेला पंचगंगा आणि मधल्या उंचवट्यावर ही बाजारपेठ. महाराष्ट्रातली बहुतेक गावं अशीच असतात, आकड्यांच्या मधे पडलेली.

कोल्हापूर जिल्ह्याचा पाऊस समजून घ्यायचा तर पश्चिमेकडून पूर्वेकडे एसटीने प्रवास करावा. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास. आणि गगनबावड्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या शिरोळला पोचेपर्यंत तो पाचशे-सहाशेवर येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात, आणि जे काही उरतं ते पूर्वेकडे सरकत जातं. गंमत अशी की शिरोळमध्ये पाऊस सगळ्यांत कमी पण पूर सगळ्यांत मोठा. गगनबावड्याचा पाऊस दोन दिवसांनी नदीतून शिरोळच्या घरात शिरतो. तेव्हा शिरोळच्या आकाशात ऊन असलं तरी आश्चर्य नाही. अशा वेळी 'त्या दिवशीचं हवामान' म्हणून फोन काय दाखवणार? ऊन.

आता मागे जाऊ. या परिसरातला पाऊस सगळ्यांत आधी तपशिलात लिहिला गेला तो लढायांच्या निमित्ताने. शेतकरी रोज पाऊस बघत होता, पण लिहिणारे होते दरबारात.

वडगावच्या पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर पन्हाळा. १६६० च्या मार्चमध्ये सिद्दी जौहरने त्याला वेढा घातला. पावसाळा लागला की वेढे ढिले पडतात, हा सगळ्यांचा अनुभव होता. जौहरने तो खोटा पाडला, भर पावसातही तो हटला नाही. शेवटी जुलैमध्ये, आषाढातल्या रात्री, शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांसह निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. पुढचं घोडखिंडीचं आणि बाजीप्रभूंचं सगळ्यांना पाठ आहे. रात्र आणि पुढचा दिवस मिळून ती वाट पार झाली.

बेचाळीस वर्षांनी हीच वाट उलट्या दिशेने एका दुसऱ्या फौजेने चालून बघितली. १७०२ च्या जूनमध्ये औरंगजेबाला विशाळगड मिळाला, तोही लढून नव्हे, किल्लेदाराला पैसे देऊन. म्हातारा बादशहा, त्याची छावणी, तोफा, हत्ती, उंट, बैलगाड्या, बाजारबुणगे असा सगळा संसार पन्हाळ्याकडे परत निघाला तेव्हा मृगाचा पाऊस सुरू झाला होता. पन्नासेक किलोमीटरचं अंतर. लागला एक महिन्याहून जास्त काळ. ओढ्यांना पूर, चिखलात रुतलेली ओझ्याची जनावरं, महागलेलं धान्य, तंबूशिवाय काढलेल्या रात्री. मोगल बखरकारांनी हे सगळं लिहून ठेवलंय, कारण त्यांच्या बादशहाचे हाल झाले होते. त्या जून-जुलैत वडगावच्या शिवारात पेरण्या कशा झाल्या, ते कुणी लिहिलेलं नाही. तेवढ्या पावसात कदाचित शेतकऱ्यांचं बरंच चाललं असेल.

तेव्हाचं लष्करी वेळापत्रकच पावसाचं होतं. दसऱ्याला सीमोल्लंघन आणि पावसाळ्यात छावणी. सरसेनापती धनाजी जाधव १७०८ मध्ये वारले ते याच वडगावात. त्यांची समाधी गावात आहे. वाड्या-समाध्यांचे फोटो काढताना हे सहसा आपल्या डोक्यात येत नाही, पण आपल्याकडचे कितीतरी ऐतिहासिक मुक्काम कुठे पडले हे नदीला उतार आहे की नाही यावर ठरलं. पुढे १७३१ च्या तहात शाहू महाराज आणि कोल्हापूरच्या संभाजी महाराजांनी सरहद्द ठरवली तीही वारणा नदीच. पावसाळ्याचे चार महिने ही हद्द आपली आपण राखली जायची.

लिहून न ठेवणाऱ्यांकडे मात्र काहीच नव्हतं असं नाही. त्यांच्याकडे नक्षत्रं होती.

नवीन पिढीला हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण कालनिर्णयच्या पानावर 'मृग नक्षत्रारंभ, वाहन बेडूक' असं वाचून बरेच जण हसून पुढे जातात. चंद्राची तिथी दरवर्षी मागे-पुढे होते, पण पावसाची नक्षत्रं सूर्याची आहेत. सूर्य आकाशातल्या २७ नक्षत्रांपैकी एकेकात साधारण तेरा-चौदा दिवस राहतो. म्हणून मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पुष्य १९-२० जुलैला, आश्लेषा ऑगस्टच्या दोन-तीन तारखेला. इंग्रजी तारखा ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात हे सौर कॅलेंडर होतं, आणि ते पेरणीसाठी तिथीपेक्षा फारच उपयोगाचं होतं. पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस, पुष्याचा 'म्हातारा', हस्ताचा 'हत्तीचा'. पावसाचा स्वभाव लक्षात ठेवायला दिलेली ही नावं.

वाहनाचा भाग मात्र निव्वळ हिशेबाचा. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो तेव्हा त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नवाने भागायचं, बाकी जी उरेल तिच्यावरून हत्ती, बेडूक, मोर, उंदीर ठरतात. यात आकाशातल्या ढगाचा काही संबंध नाही. नक्षत्रं हा अनुभव आहे, वाहन ही अंकगणिताची करमणूक. दोन्ही एकाच ओळीत छापतात म्हणून एकाच्या नावाखाली दुसरं खपतं.

आता अलीकडचे पूर या नक्षत्रांवर मांडून बघा. २००५ चा, जुलैअखेरचा: पुष्य. २०१९ चा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला: आश्लेषा. २०२१ चा, २२ ते २४ जुलैचा: पुन्हा पुष्य. म्हणजे म्हातारा आणि त्याच्या मागोमाग येणारा. या परिसरात मोठं पाणी केव्हा येतं याची जाण त्या नावांच्या मागे होतीच. तोवर जमीन भिजून तृप्त झालेली असते, ओढे वाहते असतात, धरणं भरत आलेली असतात, आणि मग घाटात चार दिवस कोसळला की पाण्याला नदीशिवाय जागा उरत नाही.

एक बारीक गोम आहे. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश भोवऱ्यासारखा डोलतो, त्यामुळे ही नक्षत्रं ऋतूंच्या मानाने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतात. पन्हाळ्याच्या वेढ्याच्या काळापेक्षा आज मृग ऋतूच्या हिशेबात पाचेक दिवस उशिरा लागतो. हजार वर्षांत अख्खं एक नक्षत्र सरकतं. त्यात पाऊसही आपल्या जागेवर बसून राहिलेला नाही. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला, तेव्हा रोहिणी नुकती लागली होती. पेरणीची तयारी मृगाच्या हिशेबाने करणाऱ्यांची त्या वर्षी धांदल उडाली, शेतं नांगरून व्हायच्या आत चिखल झाला.

वडगावच्या तालुक्यातच पट्टणकोडोलीला दसऱ्यानंतर विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या गर्दीत फरांडेबाबा हातात तलवार घेऊन हेडाम खेळतात आणि भाकणूक सांगतात, येत्या वर्षी पाऊस कसा, पीक कसं, भाव कसे. दुसऱ्या दिवशी पेपरात ती छापून येते. भाकणूक खरी ठरते का, हा प्रश्न मला फारसा भावत नाही. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. धनगरांची मेंढरं पावसाच्या मागे-पुढे फिरतात. कुठे चारा असेल, कुठल्या वाटेने जायचं, हे ठरवायचा काळ नेमका पाऊस सरल्यावरचा. हवामानाबद्दल सगळ्यांनी एकत्र जमून बोलायची ती वेळ आहे, आणि ती पाळली जाते.

नद्यांनी तर आपली मोजमापं स्वतःच ठेवली. कोल्हापुरात आषाढातल्या मंगळवारी-शुक्रवारी पंचगंगेचं नवं पाणी घागरीत भरून, पी ढबाक वाजवत टेंबलाईच्या डोंगरावर नेतात. पाणी गढूळ झालं, नदी वाहती झाली, याची ती वार्षिक नोंद. पुढची नोंद शिवाजी पुलाची. पाणी पुलाला ठरावीक उंचीवर टेकलं की 'मच्छिंद्री झाली' असं म्हणायचं आणि घरातून उठून बघायला जायचं. कोल्हापूरकरांना पूर बघायला जायची जी हौस आहे तिच्यावर बाहेरचे हसतात, पण पिढ्यान्‌पिढ्या तोच पूल बघत राहिल्यामुळे कुठलं वर्ष कुठवर चढलं हे गल्लीतला कुणीही सांगू शकतो. आणि सगळ्यांत खाली, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार सोहळा. पुराचं पाणी मंदिरात उत्तरेकडून शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं, तिथे भाविक स्नान करतात. या वर्षात दक्षिणद्वार किती वेळा झालं हे पेपरवाले मोजतात. कुणी या बातम्या सलग लावल्या तर कृष्णेच्या पाणीपातळीची एक सुरेख मालिका तयार होईल. भक्तांसाठी ठेवलेला तो हिशेब जलशास्त्रज्ञालाही चालेल.

सरकारी मोजणी आहे राजाराम बंधाऱ्यावर. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये ५६ च्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. वडगाव कोरडं राहिलं, पण वारणाकाठची निलेवाडी, घुणकी, खोची यांना घरं सोडावी लागली. एक गंमत बघा. पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो, नदी फूट-इंचात, धरण टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये. एकच पाणी, चार भाषा. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की कोल्हापुरातला माणूस मनातल्या मनात तीन वेळा भाषांतर करतो आणि मग मोटारसायकल वरच्या गल्लीत नेऊन लावतो.

मग पाऊस मिलिमीटरमध्ये कधी आणि का मोजायला लागले? उत्तर दुष्काळात आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ ची. लगेच पुढच्या वर्षी पाऊस गेला आणि १८७६ ते ७८ चा तो भीषण दुष्काळ दख्खनवर आला. लाखो माणसं मेली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने सरकारला सांगितलं की पावसाचं पूर्वानुमान हवं. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून मान्सूनचा अंदाज बांधू लागले. पुढे गिल्बर्ट वॉकर आले, त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवताना पॅसिफिक आणि हिंदी महासागर यांच्यातला झोका ओळखला. आज बातम्यांत 'एल निनो' ऐकतो त्या कथेचा एक मोठा धागा तिथून निघतो. तो धागा विणायला लागणारा कच्चा माल म्हणजे ठिकठिकाणच्या कचेरीच्या आवारात ठेवलेलं नळकांडं, वर नरसाळं, आत बाटली. रोज सकाळी एक कारकून किंवा शिपाई बाटलीतलं पाणी मापात ओतून आकडा वहीत लिहिणार. तेव्हा इंच आणि सेंटमध्ये, म्हणजे इंचाच्या शंभराव्या भागात.

याच वहीतून ओळी काढून आजही पेपरात तालुक्यांची यादी येते. हातकणंगले इतका, शिरोळ इतका, गगनबावडा इतका. बारा तालुके, बारा आकडे. वर्षानुवर्षं वडगावचा पाऊस म्हणजे हातकणंगल्याचा पाऊस होता, पंधरा-सोळा किलोमीटरवरचा.

इथे तारखेची एक मेख आहे, फोनवरच्या आकड्यांशी ताडून बघणाऱ्याने ती ध्यानात ठेवावी. वाचन सकाळी साडेआठला होतं आणि मागच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लागतो. म्हणजे पाच तारखेला दुपारी दोन वाजता झोडपून गेलेला पाऊस सरकारी वहीत सहा तारखेचा. परदेशी साइट बहुतेक वेळा मध्यरात्र ते मध्यरात्र धरते, कधी आपल्या घड्याळाने, कधी ग्रीनिचच्या. जुनी डायरी, पेपर आणि फोन तिघांत एका दिवसाचा फरक दिसला तर कुणीही खोटं बोलत नसतं.

दुष्काळ जाहीर करायला तर त्या काळी मिलिमीटरपेक्षा आणे महत्त्वाचे होते. पीक सोळा आणे आलं म्हणजे पूर्ण. ते किती आणे येईल हे शेतात जाऊन नजरेने ठरवायचं, ती आणेवारी. आणे गेले, पैसे आले, तिची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई. १८९६-९७ च्या दुष्काळात तरुण शाहू महाराजांनी स्वतः फिरून परिस्थिती बघितली, कामं काढली, स्वस्त धान्याची दुकानं उघडली. पुढे राधानगरीच्या धरणाचा घाट घातला त्यामागे ती वर्षं होती. अर्थात राजा स्वतः फिरतो तेव्हा आणेवारीचा आकडा कारकुनाच्या मर्जीवर राहत नाही. एरवी राहतो. आणेवारीवरून गावोगाव जेवढी भांडणं झाली तेवढी बांधावरूनही झाली नसतील.

आणि हे भांडण संपलेलं नाही. फक्त आकडा बदललाय. आज महाराष्ट्रात 'अतिवृष्टी' म्हणजे महसूल मंडळाच्या केंद्रावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. एवढा पाऊस नोंदला गेला की मंडळातल्या गावांत पंचनामे होतात, पिकाचं ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान दिसलं तर मदत मिळू शकते. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात मंडळा-मंडळात स्वयंचलित केंद्रं बसली, राज्यभरात दोन हजारांहून जास्त. तालुक्याला एक आकडा होता त्याऐवजी मंडळाला एक आला, ही मोठीच सुधारणा. पण एका मंडळात दहा-पंधरा किंवा जास्तच गावं असतात. वळवाचा ढग एका गावावर फुटतो, केंद्र दुसऱ्या गावात असतं. इथे ६४ आला आणि तुमच्या शेतात ९० पडला असेल, तर तुमच्या शेतात अतिवृष्टी झाली नाही. सोयाबीन मात्र कुजलं. उलटंही होतं, यंत्रावर कोसळतो आणि कोरड्या शिवाराला 'बाधित' म्हणून नाव मिळतं. त्यात यंत्र झाडाखाली, भिंतीजवळ बसलेलं असलं किंवा नरसाळ्यात पाला अडकला, की आकडा आपसूक खाली येतो. २०२३ मध्ये सरकारने 'सततचा पाऊस' ही वेगळी आपत्ती मानली, सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर असा निकष घातला, कारण ६५ ची रेघ न गाठताही पीक जातं हे मान्य करावंच लागलं.

६५ मिलिमीटर म्हणजे किती, हे डोळ्यांसमोर आणायचं तर असं: एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे शंभर लिटर पाणी. एका एकरावर ६५ मिलिमीटर म्हणजे दोन लाख साठ हजार लिटरच्या पुढे. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका दिवसात एका एकरावर ओतले तर जे होईल ते.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त पर्जन्यमापक म्हणजे सरळ बाजूंचा, सपाट बुडाचा डबा. रुंदी कितीही असू द्या. उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब, जमिनीपासून फूटभर वर, हलणार नाही असा ठेवायचा. सकाळी साडेआठला आत पट्टी बुडवायची. पट्टीवर जितके मिलिमीटर, तितका पाऊस. लगेच ओतून द्यायचा, नाहीतर उद्याच्यात मिसळतो. पट्टीचा, डब्याचा आणि मागच्या शेताचा असा एक फोटो तारखेसकट काढून ठेवायचा. पंचनाम्याला आलेला माणूस तो मान्य करेलच असं नाही, नियमात त्याला जागा नाही. तरी चार बांधांवरच्या चार डब्यांनी एकच गोष्ट सांगितली तर निदान केंद्राची जागा बदला, पाला काढा, हे बोलायला हातात काहीतरी असतं. ग्रामपंचायतीगणिक केंद्रं बसवायचं आता ठरतंय. ती कुठे बसवायची यावर ग्रामसभेत बोलणं होईल, तेव्हा ती वही बरोबर न्यावी.

आणि फोनची गंमत करायची असेल तर आठवडाभर थांबा. ईआरए५ ची नवी माहिती साधारण पाच दिवस मागून येते. मग त्याच साइटवर 'पेठ वडगाव' टाका, तुमच्या डब्याची तारीख निवडा आणि दोन आकडे शेजारी शेजारी लिहा.